काचेच्या टाकीतील भाऊबंद

हुणसूर हे म्हैसूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव म्हैसूरच्या पश्चिमेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. गावाला लागून लक्ष्मणतीर्थ नदी वाहते. कोडगूतील ब्रह्मगिरीच्या डोंगरात ती उगम पावते, इरुप्पूच्या धबधब्यावरून खाली उतरते, हुणसूर तालुक्यातील शेतांना पाणी देते आणि पुढे कृष्णराजसागराच्या जलाशयात कावेरीला मिळते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय घरातील काचेच्या टाकीपुरता मर्यादित दिसत असला, तरी या नदीचा उल्लेख आरंभीच करणे आवश्यक आहे; कारण अशा गावात टाकी आणि नदी यांच्यामध्ये एका बादलीचेच काय ते अंतर असते.

शोभिवंत मासे पाळण्याचा छंद ज्यांना जडतो, त्यांना केव्हा ना केव्हा पिरान्हा माशाचा मोह पडतो. एक जात पाळून झाली की दुसरी हवीशी वाटते, आणि मग प्रश्न उभा राहतो तो हा की, पिरान्हाच्या निरनिराळ्या जाती एकाच टाकीत ठेवता येतील काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एक गृहीत बहुधा आधीच तयार असते. पिरान्हा इतर माशांना फाडून खाईल हे त्याला मान्य असते. परंतु एकाच कुळातील मासे परस्परांना सांभाळून घेतील अशी त्याची समजूत असते. ‘भाऊबंदकी’ हा शब्द ज्या भाषेत आहे, ती बोलणाऱ्यांना या समजुतीविषयी शंका यावयास हरकत नव्हती.

पिरान्हाची कीर्ती जगभर पसरली ती त्याच्या भूकेमुळे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या अरण्यातून प्रवास केला, आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात या माशाचे चित्र जगातील सर्वांत हिंस्र मासा असे रंगविले गेले. पुढे चित्रपटांनी त्यात भर घातली. पाण्यात उतरलेला बैल पाहता पाहता हाडांचा सापळा होतो, हे दृश्य लोकांच्या डोळ्यांपुढून अद्याप गेलेले नाही. घरच्या टाकीसाठी पिरान्हा विकत घेणारा मनुष्य पुष्कळदा मासा विकत घेत नसून ही दंतकथाच विकत घेत असतो, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही. पाहुण्यांसमोर टाकीत मांसाचा तुकडा टाकावा आणि पाणी उसळताना पाहावे, एवढीच अनेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येतो तो कोपऱ्यात अंग चोरून उभा राहणारा, दिवा लावताच दचकणारा एक भित्रा जीव.

हा भित्रेपणा कल्पित नाही. अॅन मॅगरन आणि हेल्डर केइरोझ या शास्त्रज्ञांनी ब्राझीलमधील मामिरौआ येथे तांबड्या पोटाच्या पिरान्हाचा अभ्यास केला व २००५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिरान्हा थव्याने राहतात ते शिकारीसाठी, असा सर्वसाधारण समज होता. या अभ्यासकांना त्याचे कारण निराळे दिसले. नदीत पाणकावळे, डॉल्फिन आणि मगरीच्या कुळातील केमन हे प्राणी पिरान्हाला खातात. त्यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून तो गर्दीचा आश्रय घेतो. दोन-दोन मासे वेगळे ठेवले असता त्यांच्या कल्ल्यांची उघडझाप जलद होत होती. आठांच्या गटात तेच मासे संथपणे श्वास घेत होते. पक्ष्याच्या झडपेचा देखावा केल्यानंतरही मोठा गट लवकर शांत झाला. तेव्हा एकटादुकटा तांबड्या पोटाचा पिरान्हा पाळणे ही त्याच्यासाठी एक प्रकारची शिक्षाच होय. त्याला सोबत हवी असते, ही गोष्ट खरी आहे. प्रश्न आहे तो सोबत कोणाची, हा.

येथे पिरान्हांच्या कुळाचा थोडा परिचय करून घेणे इष्ट ठरेल. पिरान्हा हे एका माशाचे नाव नाही. दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका मोठ्या मत्स्यकुळातील कित्येक जातींना मिळून हे नाव दिले जाते. त्याच कुळात फळे व बिया खाणारे पाकू मासेही येतात. आपल्याला प्रयोजन आहे ते मुख्यत्वे दोन वंशांशी. पहिला वंश पायगोसेंट्रस. याच्या तीन प्रमुख जाती आहेत. तांबड्या पोटाचा नॅटेरेरी, ज्याला ऑस्ट्रियाचे निसर्गसंशोधक योहान नॅटरर यांचे नाव दिलेले आहे. कल्ल्याच्या मागे खांद्यावर काळा ठिपका मिरवणारा कारिबा, ज्याचे शास्त्रीय वर्णन अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी १८२१ मध्ये केले. आणि या तिघांत आकाराने थोरला, पोटावर केशरी-पिवळ्या ज्वाळा उठल्यासारखा दिसणारा पिराया. दुसरा वंश सेरासाल्मस. यात जाती पुष्कळ, शरीर अधिक चपटे, तोंड अधिक निमुळते आणि स्वभाव अधिक एकलकोंडा. लालभडक डोळ्यांचा काळा पिरान्हा याच वंशातील होय.

आता पहिल्या वंशातील तीन जातींची घरे पाहू या. नॅटेरेरी राहतो अॅमेझॉनच्या आणि पॅराग्वाय-पाराना नद्यांच्या खोऱ्यांत. कारिबा राहतो उत्तरेकडे, ओरिनोको नदीच्या खोऱ्यात. पिराया राहतो पूर्व ब्राझीलमधील साओ फ्रान्सिस्को नदीत, जी या दोहोंशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे अटलांटिक महासागराला मिळते. याचा अर्थ असा की, हौशी पालक ज्या तीन जाती ‘एकाच प्रकारचे मासे’ म्हणून टाकीत एकत्र सोडतो, त्यांची निसर्गात परस्परांशी गाठच पडत नाही. टाकीतील त्यांचे सहजीवन ही सर्वस्वी माणसाने घडविलेली गोष्ट आहे. तिला निसर्गाचा दाखला नाही.

मग निसर्गात निरनिराळ्या जातींचे पिरान्हा एकत्र कोठेच राहत नाहीत काय? राहतात, आणि ते कसे राहतात हे समजले म्हणजे टाकीतील अडचणीचे मूळ हाती लागते. इव्हान साझिमा आणि फ्रान्सिस्को मशादो या ब्राझीलच्या संशोधकांनी पश्चिम ब्राझीलमधील पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात पाण्याखाली उतरून तीन जातींचे निरीक्षण केले. त्यांचा निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तांबड्या पोटाचा नॅटेरेरी आणि सेरासाल्मस वंशातील मार्जिनॅटस व स्पायलोप्ल्यूरा या तिन्ही जाती तेथे एकाच पाण्यात होत्या. परंतु त्यांचे दिवसाचे वेळापत्रक वेगळे होते. सेरासाल्मस वंशातील लहान आकाराचे मासे बहुतांशी दिवसा वावरत. मोठे मासे आणि नॅटेरेरी हे पहाटे, आणि रात्री साधारण दहा वाजेपर्यंत भक्ष्य शोधीत. मार्जिनॅटस एकेकटा राही आणि आपल्या चरण्याच्या जागेचे रक्षण करी; बाकी दोघांचा कल थव्याने राहण्याकडे होता. शिकारीच्या रीतीही वेगवेगळ्या होत्या. कोणी दबा धरून बसे, कोणी निरुपद्रवी असल्याचे सोंग करून जवळ जाई, कोणी दुसऱ्या माशाच्या शेपटीचा तुकडा तोडून पळ काढी. मार्जिनॅटसची लहान पोरे तर मोठ्या नॅटेरेरीच्या अंगावरील परोपजीवी किडे टिपतानाही दिसली. शेजारधर्माचा हा अनपेक्षित प्रकार मोठा कौतुकास्पद आहे.

तेव्हा पांतानालमधील हे सहजीवन प्रेमावर आधारलेले नाही. ते वेळेच्या वाटणीवर आधारलेले आहे, जागेच्या वाटणीवर आधारलेले आहे, आणि सर्वांत अधिक म्हणजे निघून जाण्याच्या मुभेवर आधारलेले आहे. हरलेला मासा वनस्पतींच्या आड दिसेनासा होतो आणि प्रकरण तेथेच मिटते.

काचेच्या टाकीत यांतील काहीही उरत नाही. अन्न एकाच जागी, एकाच वेळी, एकाच हाताने पडते. पहाटेचा मासा आणि दुपारचा मासा यांना ते एकाच क्षणी दिसते. हरलेला मासा पळतो, चार फुटांवर त्याला काच आडवी येते, तो वळतो आणि पुन्हा जिंकलेल्या माशाच्या तोंडासमोर येतो. जिंकणाऱ्याला वाटते की, हा अद्याप माघार घेत नाही. निसर्गात ज्या भांडणाचा शेवट एका धमकीने होतो, ते येथे पर तुटेपर्यंत चालते. पिरान्हा धमकी देतात, ही गोष्ट शब्दशः खरी आहे. बेल्जियममधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांबड्या पोटाच्या पिरान्हाचे तीन प्रकारचे आवाज नोंदले गेले. समोरासमोर उभे ठाकताना तो भुंकल्यासारखा आवाज करतो. अन्नावरून झुंज लागली की नगाऱ्याच्या ठोक्यासारखा. आणि पाठलाग करताना दातांवर दात घासून तिसरा. पहिले दोन आवाज हवेच्या पिशवीवरील स्नायू निर्माण करतात. एवढी सूचनांची भाषा ज्या प्राण्याने विकसित केली, त्याला प्रत्यक्ष चावण्याची हौस नसावी, असा तर्क करता येईल. तथापि सूचना ऐकून दूर जाण्यास जागा असेल तरच सूचनेला अर्थ राहतो.

कोंडलेल्या पाण्यात पिरान्हाचे वर्तन पालटते याचा एक पुरावा माणसाच्या अंगावरही उमटला आहे. आग्नेय ब्राझीलमध्ये नद्यांवर धरणे झाल्यानंतर साचलेल्या पाण्यात पोहणाऱ्यांना चावे बसू लागले. व्हिदाल हद्दाद आणि साझिमा यांनी २००३ मध्ये त्याची मीमांसा केली. सेरासाल्मस वंशातील एक जात साचलेल्या पाण्यात वनस्पतींमध्ये अंडी घालू लागली होती, आणि अंड्यांजवळ कोणी आले की ती एकच चावा घेऊन दूर होत होती. माणसाला फाडून खाण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. घराजवळ आलेल्याला हाकलणे, एवढाच त्या चाव्याचा हेतू होता. घरच्या टाकीतही विणीच्या काळात जोडीचा रंग काळवंडतो, ती तळाशी खळगा करते आणि बाकीच्यांना तेथून पिटाळू लागते. टाकी चार फुटांची असेल तर ‘तेथून’ म्हणजे कोठून, याचे उत्तर उरत नाही.

आता व्यवहाराकडे वळू या. पायगोसेंट्रस वंशातील तीन जाती एकत्र ठेवून दाखविणारे पालक जगात पुष्कळ आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या यशाच्या अटी मात्र बारकाईने पाहाव्यात. मासे लहानपणापासून एकत्र वाढलेले असावेत. आकाराने सारखे असावेत. पोट भरलेले असावे. आणि टाकी खरोखर मोठी असावी. यांतील कोणतीही एक अट ढळली की सर्वांत लहान अथवा सर्वांत अशक्त मासा प्रथम जातो. नवा मासा जुन्यांत नंतर सोडणे हे तर विशेष धोक्याचे. आणि सर्व अटी पाळूनही एखाद्या सकाळी टाकीत एक मासा कमी भरतो, हे अनुभवी पालक खासगीत कबूल करतात.

सेरासाल्मस वंशाच्या बाबतीत एवढीही सवलत नाही. त्या वंशातील अनेक जाती जिवंत माशांचे पर आणि खवले कुरतडून खातात. ही त्यांच्यासाठी विकृती नसून रोजचा आहार आहे. दुसरा मासा, मग तो त्याच जातीचा का असेना, त्यांच्या दृष्टीने वाढलेले ताट असते. कुरतडलेला पर पुन्हा वाढतो, म्हणून निसर्गात हा आहार न संपणारा ठरतो. टाकीत मात्र त्याच त्या दोन-चार माशांवर रोज पाळी येते आणि जखमेत बुरशी धरते. काळ्या पिरान्हाच्या जबड्याची ताकद २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष मोजली गेली. झिंगू नदीत पकडलेल्या माशांना मोजयंत्रावर चावावयास लावले असता सर्वाधिक जोर ३२० न्यूटन भरला. म्हणजे माशाच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीसपट. असा मासा एका टाकीत एकच ठेवावा. याविषयी तडजोडीला जागा नाही.

मोठी टाकी म्हणजे किती मोठी, हेही हिशेबाने सांगणे बरे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी दुकानात भव्य वाटते. तिच्यात काठोकाठ पाणी भरले तर ते सुमारे २५५ लिटर होते. पूर्ण वाढलेला तांबड्या पोटाचा पिरान्हा तळहाताहून बराच मोठा, २५ सेंटिमीटरांच्या आसपास होतो. त्याला दीड फूट रुंदीत धड वळताही येत नाही, आणि त्याला तर थवा हवा. सहा फूट लांब व दोन-दोन फूट रुंद-उंच अशी टाकी घेतली तर तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन ६८० किलोग्रॅम. काच, वाळू आणि लोखंडी बैठक निराळी. कौलारू घराच्या लाकडी माडीवर हा भार ठेवता येत नाही. ही टाकी बांधण्यापूर्वी मासेविक्रेत्यापेक्षा गवंड्याचा सल्ला अधिक मोलाचा.

पाण्याचे प्रकरण सविस्तर सांगू लागल्यास दुसरे व्याख्यान होईल. एवढेच लक्षात ठेवावे की मांसाहारी माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या तुकड्यांतून अमोनिया तयार होतो, तो माशाला विष आहे. गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. नवी टाकी आज मांडून उद्या तिच्यात मासे सोडणारा त्यांना स्वतःच्या घाणीत कोंडतो. पाणी २४ ते २८ अंश सेल्सियस असावे, हे आपल्या हवामानात अवघड नाही. अवघड आहे ते वीज गेल्यावर. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू उतरू लागतो, आणि गर्दीच्या टाकीत तो अधिक जलद उतरतो. अशा वेळी दुबळा मासा पृष्ठभागाकडे येतो व त्याची हालचाल बिघडते. बिघडलेली हालचाल हीच शेजाऱ्यांना मिळालेली वर्दी असते.

आहारासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. जिवंत गोल्डफिश टाकून तमाशा पाहण्याची पद्धत माशांच्याही हिताची नाही. गोल्डफिशच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, आणि विकतच्या लहान माशांबरोबर रोगही येतात. माशांचे तुकडे, सोललेली कोळंबी आणि तयार गोळ्या एवढ्यावर पिरान्हा उत्तम वाढतो. रानात तर त्याच्या पोटात बिया व वनस्पतींचे अंशही सापडतात.

यापुढचा प्रश्न प्रथमदर्शनी विनोदी वाटेल, परंतु तो सर्वांत महत्त्वाचा आहे. टाकीत असलेला मासा पिरान्हाच आहे काय? भारतात पिरान्हा म्हणून जो मासा विकला जातो तो पुष्कळदा पाकू असतो. तांबड्या पोटाच्या पाकूला आपल्याकडील मासळीबाजारात रूपचंद या नावाने ओळखतात. गोड्या पाण्यातील पापलेट म्हणूनही तो विकला जातो आणि ताटात वाढला जातो. या शतकाच्या आरंभी तो बांगलादेशमार्गे अधिकृत परवानगीशिवाय भारतात आला आणि आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल आदी राज्यांतील तळ्यांत पसरला. बोटाएवढे पाकूचे पिलू आणि बोटाएवढे पिरान्हाचे पिलू शेजारी ठेवले तर दोघांचेही अंग चंदेरी, पोट तांबडे. ओळखण्याची खूण तोंडात असते. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि दात एका ओळीत, त्रिकोणी, करवतीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. ते एकेक करून पडत नाहीत, जबड्याच्या एका बाजूचे सर्व दात एकदमच बदलतात, असे २०१९ मधील एका अभ्यासात दिसून आले. पाकूचे दात मात्र माणसाच्या दाढांसारखे चपटे असतात. टणक बिया फोडण्याचे ते अवजार आहे.

ही गल्लत टाकीत दोन्ही बाजूंनी महागात पडते. खऱ्या पिरान्हांत पाकू गेला तर लहानपणी त्याचे पर तुटतात. आणि सगळेच पाकू निघाले तर ते वर्षा-दोन वर्षांत टाकीला मावेनासे होतात, कारण हा मासा कित्येक किलोग्रॅम वजनाचा होतो. पालकाचा उत्साह तोवर ओसरलेला असतो. मासा मारवत नाही, ठेववत नाही. मग एखाद्या संध्याकाळी बादली घेऊन नदीकडे जाण्याचा विचार सुचतो. तो क्रूरपणातून सुचत नाही. ‘बिचाऱ्याला मोकळे सोडावे’ या दयेतूनच सुचतो, आणि म्हणूनच त्याला विरोध करणे कठीण जाते.

केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर मच्छीमारांच्या जाळ्यांत जे सापडू लागले, ते येथे आठवावे. चालकुडी नदीत अरापायमा हा अॅमेझॉनचा महाकाय मासा मिळाला. पाकूही नैसर्गिक पाण्यात आढळला. हे मासे पुराने दक्षिण अमेरिकेहून आणले नव्हते. ते घरांतल्या आणि शेतांतल्या टाक्यांमधून व तळ्यांमधून वाहून आले होते.

तरीही एखादा म्हणेल की, दोनचार माशांनी एवढ्या मोठ्या नदीचे काय बिघडणार? याचे उत्तर शोधण्यास अॅमेझॉनपर्यंत जावे लागत नाही. लक्ष्मणतीर्थ ज्या कावेरीला मिळते, त्या कावेरीतच ते आहे. आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो.

कावेरीत मोठ्या वशिंडाचा महाशीर राहतो. आपल्या देशातील गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या माशांपैकी तो एक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोग्रॅमचा महाशीर गळाला लावला, ती नोंद हौशी मासेमारांत प्रसिद्ध आहे. धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाने केलेली मासेमारी यांमुळे पुढील काळात महाशीर कमी होत गेले. दरम्यान लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तळ्यांवर डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या सुमारास दख्खनच्या महाशीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. हा दख्खनचा महाशीर म्हणजे कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून वर्णिलेला मासा, कृष्णेच्या खोऱ्यातला. मत्स्यशास्त्राच्या इतिहासात वळवणचे ते यश मोठे होते, यात संशय नाही. तेथील बोटुकली देशाच्या निरनिराळ्या राज्यांत पाठविली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. महाशीर कमी झाले आहेत, तेव्हा महाशीर सोडावेत. यात वावगे ते काय?

वावगे होते ते एवढेच की, तो तिचा महाशीर नव्हता. कावेरी अभयारण्यातील गालिबोरे येथील गळाच्या मासेमारीच्या १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदवह्या अॅड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. निळसर परांचा पाहुणा महाशीर वर्षागणिक अधिकाधिक सापडत गेला होता. वशिंडाचा महाशीर घटत घटत दुर्मिळ झाला होता. ज्याची कीर्ती शंभर वर्षे गाजली, त्या माशाला शास्त्रीय नावदेखील निश्चित नव्हते. ते काम २०१८ मध्ये पूर्ण झाले. तो टॉर रेमादेवी हाच असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत तो नष्ट होण्याच्या अगदी सीमेवर असलेल्या जातींत नोंदला गेला. दोन्ही मासे एकाच वंशातले. दोघांनाही आपण महाशीरच म्हणतो.

नॅटेरेरी, कारिबा आणि पिराया यांना एका टाकीत घालणाऱ्याचे आणि मुळा-मुठेचा मासा कावेरीत सोडणाऱ्याचे चुकते ते एकाच जागी. दोघेही नाव पाहतात, नदी पाहत नाहीत. फरक एवढाच की टाकीतली चूक काही महिन्यांत संपते; तिचा खर्च दोनचार मासे. कावेरीतली चूक परत काढून घेता येत नाही.

या बाबतीत कायद्यानेही पाऊल उचलले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने परकीय आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणूक व प्रसार यांचे नियमन करण्याचा अथवा त्यांना मनाई करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत तर पिरान्हा बाळगण्यावरच निर्बंध आहेत. परंतु कायद्याचा हात बादलीपर्यंत नेहमी वेळेवर पोहोचतोच असे नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असे मासे आधीच आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगून थांबावे. एकमेकांना कुरतडणारे मासे दिसताच वेगळे करावेत. दुसरी टाकी नसेल तर मध्ये जाळीदार पडदा घालावा, तो दोन्हीकडे पाणी खेळू देतो. विणीच्या जोडीची अंडी वाढवू नयेत. शेकडो पिलांना घरे मिळत नाहीत. मासा नकोसा झाल्यास ज्या दुकानातून आणला तेथे परत घेतात काय हे विचारावे, अथवा मोठी टाकी असलेल्या पालकाला द्यावा. पाकू निघाला असेल आणि कोणीच घेण्यास तयार नसेल, तर तो संपविण्याचा निर्णय घ्यावा लागतो; त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लवंगेचे तेल थोड्या पाण्यात चांगले घुसळून ते माशाच्या भांड्यात हळूहळू मिसळले असता मासा प्रथम गुंगतो, मग मात्रा वाढविल्यावर त्याचे कल्ले थांबतात. ते थांबल्यानंतरही बराच वेळ त्याला त्याच पाण्यात राहू द्यावे. टाकीचे काढलेले पाणी, वाळू आणि पाणवनस्पती गटारात किंवा ओढ्यात न टाकता अंगणातील झाडांना घालाव्यात, कारण हुणसूरसारख्या गावात पावसाळ्यात ओढ्याचे पाणी लक्ष्मणतीर्थेत जाण्यास फार वेळ लागत नाही. मेलेला मासाही झाडाच्या बुंध्याशी हातभर खोल पुरावा. उथळ पुरल्यास रात्री कुत्री उकरतात.